पाणी कुठे मुरते? : ओक, आरमार आणि घाई

मराठीतले 'मुरणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. लोणचे मुरते, राजकारणी तर मुरलेलाच असतो. या प्रयोगांत मुरणे म्हणजे काळाच्या संगतीने पक्व होणे. पण भिंतीत पाणी मुरू लागले की तेच क्रियापद नाशाची सूचना देते. आणि एखाद्या व्यवहारात 'पाणी कुठेतरी मुरते आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा बोट हिशेबाच्या वहीकडे असते. हे तिन्ही अर्थ एकाच ठिकाणी आणि शब्दशः एकत्र आलेले पाहायचे असतील, तर सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी आरमाराच्या लाकूडवखारीत डोकावावे लागेल. तेथे ओकचे ओले, जाड ओंडके वाळत पडलेले असत. किंवा वाळत पडायला हवे होते आणि नव्हते. सारी कथा या 'नव्हते'ची आहे.

मराठी वाचकाला 'ओक' म्हटले की आधी आडनाव आठवते, यात त्याचा दोष नाही. हा वृक्ष सह्याद्रीत नाही. कुमाऊँ-गढवालकडे 'बांज' या नावाने त्याचे भाऊबंद आहेत. इंग्रजांना मात्र ओक म्हणजे देशाची तटबंदी वाटे. आरमाराला 'लाकडी भिंती' म्हणण्याची त्यांच्याकडे रीतच होती. त्या भिंती कशाच्या होत्या हे इतिहासाची पुस्तके सांगतात. त्या ओल्या होत्या हे फारसे सांगत नाहीत.

ओक वाळवणे हे काम का अवघड, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण पुढची सगळी गुंतागुंत या लाकडाच्या रचनेतूनच निघते. नुकत्याच पाडलेल्या ओकमधले पाणी, कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना केली तर, पाऊणपटीहूनही अधिक भरू शकते. यातले काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते. ते तुलनेने लवकर निघून जाते आणि त्याच्या जाण्याने लाकडाचा आकार बदलत नाही. उरलेले पाणी पेशींच्या भिंतींतच बांधलेले असते. ओलाव्याचे प्रमाण साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरले की हे बांधलेले पाणी निघू लागते, आणि तेव्हा लाकूड आकसते. आकसते तेही सारख्या प्रमाणात नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट आकसते. अखंड ओंडका वाळताना त्याला गाभ्यापर्यंत उभी चीर जाते ती यामुळे.

त्यात पांढऱ्या ओकचा स्वभावच बंदिस्त. झाड जिवंत असतानाच त्याच्या गाभ्यातील जलवाहिन्या आतून पडद्यांनी बुजून जातात. म्हणून ओकच्या पिंपातून दारू झिरपत नाही, आणि नेमके म्हणूनच ओकच्या ठोकळ्यातून पाणीही बाहेर पडत नाही. जो गुण पिंप करणाऱ्याला वरदान, तोच जहाज बांधणाऱ्याला शाप. पाणी निघते ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून. बाजूंनी फार मंद. टोके उघडी ठेवली तर ती आधी वाळून तडकतात, म्हणून त्यांना मेण किंवा डांबर फासायचे. पण फासले की वाळणे आणखी लांबते. जाडीच्या इंचामागे एक वर्ष, असा तिकडच्या सुतारांचा जुना ठोकताळा आहे. तोही उदारच म्हणायचा, कारण ओलावा आतून बाहेर झिरपण्याचा काळ जाडीच्या नव्हे, तर साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन इंची फळीला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट नव्हे तर चौपट वेळ चार इंचीला. मग युद्धनौकेच्या फूटभर जाडीच्या तुळईने किती वर्षे थांबावे?

घाई करून आच दिली, तर आणखी एक गंमत होते. (गंमत म्हणजे सुताराच्या दृष्टीने अनर्थ.) बाहेरचा थर आधी वाळतो, आकसू पाहतो, पण आतला ओला गाभा त्याला आकसू देत नाही, ताणलेला थर तसाच कडक होऊन बसतो. मग गाभा वाळू लागतो तेव्हा त्यालाच कवच आवळून धरते आणि लाकूड आतल्या आत, मधाच्या पोळ्यासारखे फाटते. वरून ठोकळा निर्दोष दिसतो. आज यांत्रिक भट्ट्या आहेत, निर्वात पेट्या आहेत. तरी जाड ओक आधी कित्येक महिने, कधी वर्षे, उघड्या हवेत सावलीत रचून ठेवतात आणि मगच भट्टीत घालतात, तेही दमट हवेच्या मंद आचेवर. तंत्रज्ञानाने ओकची मनधरणी करण्याची रीत सुधारली. ओकचा स्वभाव बदलला नाही.

हे सारे त्या काळी ठाऊक नव्हते काय? पेशी आणि टक्केवारी ठाऊक नव्हती. व्यवहार पूर्ण ठाऊक होता. झाड हिवाळ्यात पाडावे, वाऱ्याला वाट ठेवून रचावे, वर छप्पर असावे, निदान तीन वर्षे थांबावे, हे गोदीतला उमेदवार सुतारही सांगू शकला असता. फ्रान्समध्ये बुफाँने १७३०च्या दशकात उभ्या झाडांची साल काढून ती तशीच वाळू देण्याचे प्रयोग केले होते, आणि द्युआमेल द्यु मोंसो याने १७६०च्या दशकात लाकडाच्या तोडणीवर व जतनावर मोठाले ग्रंथ लिहिले. अडचण ज्ञानाची नव्हतीच. हिवाळ्यात झाड पाडावे हे खरे, पण ओकच्या सालीला चामडे कमावणाऱ्यांकडून चांगला भाव येई आणि साल सुटते ती वसंतात, रस चढल्यावर. जमीनदाराला साल विकायची असे, म्हणून तो झाड वसंतात पाडी. आरमाराच्या लाकडात पाणी मुरले ते काही अंशी बुटांच्या कातड्यासाठी!

सॅम्युअल पेपिस या रोजनिशीकाराला साहित्याचे विद्यार्थी ओळखतात ते लंडनच्या आगीमुळे आणि त्याच्या खासगी कबुल्यांमुळे. त्याची खरी नोकरी आरमाराच्या कारभाराची होती. १६७७ साली संसदेने तीस नव्या युद्धनौकांसाठी पैसा मंजूर केला. पुढे १६७९ मध्ये पेपिसला पद सोडावे लागले. १६८४ मध्ये तो परतला, तेव्हा यांतल्या कित्येक नौका समुद्रावर न जाताच मेडवे नदीत नांगरल्या जागी कुजत होत्या. १६९०च्या त्याच्या आठवणींत तो सांगतो की या नौकांच्या पोटातून आपण स्वतःच्या हातांनी मुठीएवढी भूछत्रे खुडली. प्रतिपक्षाने दोष परदेशी फळ्यांवर ढकलला. पेपिसने तो मानला नाही. त्याचे म्हणणे असे की नौका उघडून वारा दिला नाही, डागडुजी केली नाही, नेमलेल्या माणसांनी नेमलेले काम केले नाही. त्याचाही पक्ष होताच, त्यामुळे त्याचे सगळेच प्रमाण मानू नये. पण लाकडाला बोल लावायचा की माणसाला, हा वाद इथपासून सुरू झाला आणि पुढची दीडशे वर्षे तो जसाच्या तसा चालला.

याच वादातील एक प्रसंग आम्हा साहित्याच्या मंडळींना अधिक जवळचा. २९ ऑगस्ट १७८२ रोजी 'रॉयल जॉर्ज' ही शंभर तोफांची नौका स्पिटहेडच्या शांत पाण्यात, किनाऱ्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. तळाजवळच्या किरकोळ दुरुस्तीसाठी तिला एका अंगावर कलती केली होती. अॅडमिरल केंपनफेल्ट आणि आठशेहून अधिक माणसे गेली. त्यांत भेटीला आलेल्या बायकामुलांचा भरणा मोठा होता. विल्यम कूपरने त्याच वर्षी तिच्यावर कविता लिहिली, आणि तीत जमिनीवरून आलेल्या एका झुळकेला जबाबदार धरले. लष्करी न्यायालयाने मात्र अधिकाऱ्यांना निर्दोष सोडताना म्हटले की लाकूड सर्वत्र इतके कुजले होते की सांगाड्याचा एखादा मुख्य भागच निखळला असावा. कलत्या बाजूच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आले असेही मत आहे, आणि ते टाकाऊ नाही. परंतु शाळाशाळांतून पाठ झाली ती कविता. झुळूक लक्षात राहिली, कुजके लाकूड विसरले गेले. कवितेवर आमचा राग नाही. शोकाला झुळूकच शोभते. पण सरकारलाही ती किती सोयीची होती!

मधल्या काळात एक शहाणा प्रयत्न झाला, तोही नमूद करायला हवा. १७७१ ते १७८२ या काळात आरमारखात्याचा प्रमुख असलेल्या लॉर्ड सँडविचने वखारीत तीन वर्षांचा लाकूडसाठा असावा आणि जहाजाचा सांगाडा फळ्या ठोकण्याआधी काही काळ उघडा वाळू द्यावा, असा आग्रह धरला. त्याचे नाव जगाला दुसऱ्याच, खाण्याच्या पदार्थामुळे पाठ आहे. उघड्या सांगाड्याचा गुण काय असतो, याचे उदाहरण त्याच्या आधीच घडून गेले होते, तेही अपघाताने. नेल्सनची पुढे जगप्रसिद्ध झालेली 'व्हिक्टरी' १७५९ मध्ये चॅटम येथे बांधायला घेतली. सुमारे सहा हजार झाडे तिला लागली, त्यांतली बहुतेक ओकची. युद्धाचा रंग पालटला, तिची निकड उरली नाही, आणि एरवी काही महिने उघडा राहणारा तिचा सांगाडा सुमारे तीन वर्षे वाळत उभा राहिला. १७६५ मध्ये ती पाण्यात उतरली. १८०५ मध्ये ट्राफल्गारला लढली. आजही पोर्ट्समथला आहे. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय बरेच जण त्या रेंगाळलेल्या वर्षांना देतात. म्हणजे इंग्लंडचे सर्वांत गौरवाचे जहाज टिकले ते कोणाला त्याची घाई नव्हती म्हणून.

तिच्याशेजारी 'क्वीन शार्लट' ठेवून पाहावी. १८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटले तेव्हा वखारी रोडावलेल्या होत्या, कारण मधल्या तहाच्या काळात सेंट व्हिन्सेंट या प्रमुखाने भ्रष्टाचार निपटण्याच्या भरात लाकडाच्या ठेकेदारांशी उभा दावा मांडला होता. (हेतू शुद्ध, वेळ चुकलेली, आपल्याकडे अशी उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.) पुढे नेपोलियनने बाल्टिकची वाट आवळली आणि कॅनडातून लाकूड येऊ लागले. 'क्वीन शार्लट' ही शंभराहून अधिक तोफांची अव्वल नौका १८१० मध्ये डेप्टफर्डला पाण्यात उतरली. तीत कॅनडाचा ओक व पिच पाइन वापरला होता. समुद्रावर जाण्याआधीच तिच्या फळ्या कुजल्या. १८१२ मध्ये आरमारखात्याने जेम्स सोवर्बी या वनस्पतिचित्रकाराला तिच्या पोटात उतरवले. बुरशींच्या चित्रांसाठी त्याची ख्याती होती. ज्याने रानावनांत फिरून भूछत्रे रंगवली, त्याला त्या एका युद्धनौकेत बुरशीच्या अनेक जाती एकत्र भेटल्या. अशा नौका 'सुकवण्यासाठी' आत शेगड्या पेटवण्याचीही रीत होती. ओलावा होताच, वर ऊब मिळाली, आणि बुरशीला दुसरे काय हवे असते? नौकेची दुरुस्ती इतकी खोल करावी लागली की ती जवळजवळ नव्यानेच बांधावी लागली. चार वर्षांनी, १८१६ मध्ये, अल्जियर्सवरच्या हल्ल्यात तीच निशाणनौका होती. तिच्या पराक्रमाच्या वर्णनात सोवर्बीचे नाव येत नाही.

घाईचा कळस मात्र वूलिचच्या गोदीत झाला. लूकिन नावाच्या गृहस्थाने आरमाराला पटवले की लाकूड वर्षांत नव्हे, थोडक्या काळात मुरवता येईल. ओले ओंडके बंद भट्टीत रचायचे आणि राळयुक्त लाकडाचा भुसा तापवून त्याची वाफ त्यांत सोडायची. रस निघून जाईल, राळेची वाफ आत शिरेल, लाकूड तडकणारही नाही. कल्पना अगदी वेडगळ नव्हती. लाकडाला नुसते कोरडे ठेवण्यापेक्षा पाण्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी, हा विचार पुढच्या शतकात खूपच फळाला आला. पण लाकूड हवेविना तापवले की त्यातून जळाऊ वायू निघतो, आणि मोठ्या बंद भट्टीत तो साठत जातो. १८११ मध्ये ती भट्टी फुटली. गोदीची भिंत उद्ध्वस्त झाली, तिचे अवशेष दूरवर फेकले गेले, लोखंडी दार उडाले, आणि भट्टीवर राबणारे कामगार मेले. आरमाराच्या इतिहासात मृत सेनापतींच्या नावांची कमतरता नाही. ही माणसे केवळ एक आकडा होऊन उरली आहेत. ओल्या लाकडाने शत्रूच्या एकाही गोळीवाचून घेतलेले हे बळी. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' या म्हणीचा असा उलटा प्रत्यय क्वचितच आला असेल.

त्यानंतरही तातडीचे उपाय थांबले नाहीत. १८१६ मध्ये 'ईडन' नावाची कुजू लागलेली छोटी युद्धनौका काही महिने मुद्दाम समुद्राच्या पाण्याखाली बुडवून ठेवली, खाऱ्या पाण्याने बुरशी मरेल म्हणून. वूलिचलाच एक 'बुरशीचा खड्डा' होता. त्यात लाकडे टाकून ती किती तग धरतात हे पाहत. जॉन हॉवर्ड कायन याने १८२८ मध्ये पाऱ्याच्या जहाल क्षारात भिजवलेला ओकचा ठोकळा त्या खड्ड्यात ठेवला; तीन वर्षांनी काढला तेव्हा तो शाबूत होता. १८३२ मध्ये त्याने एकस्व घेतले आणि पुढच्याच वर्षी खुद्द मायकेल फॅरडेने त्यावर व्याख्यान दिले. हा झटपट उपाय खरोखरच होता, पण विषारी. शिवाय त्या ठोकळ्याची परीक्षा घ्यायलाही तीन वर्षे थांबावेच लागले, हे आम्हाला फार बोलके वाटते.

रॉबर्ट अल्बियन या अमेरिकी इतिहासकाराने १९२६ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातून ओकचा तुटवडा हाच आरमाराच्या दुखण्याचा मुख्य धागा असल्याची समजूत रूढ झाली. नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः रॉजर नाइट यांनी, त्या मांडणीला मुरड घातली: रानात झाडे होती, कमी पडत होता तो पैसा आणि व्यवस्था. आम्हाला हे दुसरे मत अधिक पटते. वखारीत तीन वर्षे पडून राहिलेला ओंडका म्हणजे तीन वर्षे अडकलेले भांडवल. शांततेच्या काळी ते कोणाला मंजूर करायचे नसते आणि युद्धाच्या काळी ते थांबायला सवड नसते. प्रतीक्षेसाठी खतावणीत खातेच नव्हते. पाणी लाकडात मुरत होते ते आधी तिथे मुरले होते.

आणि इथेच आपली मुंबई या कथेत येते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या घराण्याने इथली गोदी पुढे शतकभर नावारूपाला आणली. १८१० मध्ये इथे जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली बांधलेली 'मिंडेन' ही आघाडीची युद्धनौका पाण्यात उतरली. त्याच साली तिकडे डेप्टफर्डला 'क्वीन शार्लट' उतरली होती. दोघींचे जन्मवर्ष एक आणि प्रारब्ध वेगळे. १८१३ची 'कॉर्नवॉलिस' तर विलायतेत घाईने बांधलेल्या आणि 'चाळीस चोर' असे टोपणनाव मिळालेल्या नौकांच्याच आराखड्यावरची; फक्त लाकूड सागाचे. १८४२ मध्ये नानकिंगचा तह तिच्यावर झाला आणि ती मोडली गेली ती १९५७ मध्ये. १८१५ची 'वेलस्ली' १९४० मध्ये टेम्सवर जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडाली. १८१७ची 'त्रिंकोमाली' आजही हार्टलपूल येथे तरंगते आहे.

याचे श्रेय सागाच्या अंगच्या तेलाला देतात, आणि ते योग्यच आहे. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खातात, सागात ते टिकतात, हेही खरे. वाडियांचे कसब तर वादातीत. पण आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. साग ओला असताना पाण्यात तरंगत नाही. आणि मलबारच्या डोंगरांतून लाकूड बाहेर काढायचे तर नदीशिवाय वाट नव्हती. म्हणून झाड पाडण्याआधी त्याच्या बुंध्याभोवती साल आणि कोवळे लाकूड यांचे कडे खणून काढीत. झाड उभ्या उभ्या मरे आणि वर्ष-दोन वर्षे किंवा अधिक काळ उभ्यानेच वाळे. मग ते पाडून, हत्तींकडून ओढवून, चालियारसारख्या नदीत सोडत. बुफाँने ओकसाठी जो प्रयोग केला, तो इथे रोजचा व्यवहार होता. मुंबईच्या गोदीत पोचणारा साग बराचसा मुरलेलाच असे. विलायतेत ज्याला वेळ नव्हता ते थांबणे इथे रानातच उरकले जाई.

ते कोणाच्या रानात आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न मात्र उरतोच. नोव्हेंबर १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलिस अधिकाऱ्याला मलबारचा पहिला वनरक्षक नेमले. सागावर कंपनीचा हक्क जाहीर झाला. स्वतःच्या जमिनीवरचे झाडही मालकाला परवान्यावाचून तोडता येईना. जमीनमालक आणि व्यापारी यांचा असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने ही व्यवस्थाच मोडीत काढली. तोवर सहज हाती येण्याजोगा साग बराच संपला होता. ज्या प्रतीक्षेचा खर्च इंग्लंडच्या वखारीत कोणी सोसेना, तो मलबारच्या शेतकऱ्याच्या आणि रानाच्या नावे लिहिला गेला होता. 'त्रिंकोमाली'च्या तक्तपोशीवरून चालणाऱ्या प्रवाशाला तिच्या सागाचे कौतुक जरूर सांगावे. त्याच वेळी हेही सांगावे.

१८४०च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याने निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. प्रत्यक्ष रोपे जगवण्याचे काम चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने पाहिले. बी सहजी रुजत नव्हते, पहिले प्रयत्न फसले, तरी लावणी चालू राहिली. त्या रोपांचे लाकूड होण्याआधी लाकडी युद्धनौकांचा काळच संपला. १८६०च्या दशकात आरमार लोखंडाकडे वळले. कॉनोलीच्या नावाच्या त्या तुकड्यात तेव्हा लावलेली काही झाडे आजही चालियारच्या काठी उभी आहेत.